ज्याला खेळण्यातली विमानं विकली जातील असं वाटतच नव्हतं, त्याच्याच कंपनीची पाकिटं आज लोक न फोडता जपतायत

वसई रोडला पूर्वेला उतरायचं, रिक्षा पकडायची आणि वालीव, सातिवली नाहीतर गोखिवऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिरायचं. तिथल्या बऱ्याच गाळ्यांमध्ये दिवसभर एकच काम चाललेलं असतं. मशीनमध्ये वरून प्लास्टिकचा दाणा टाकायचा. तो आत वितळतो, दाबाने लोखंडी साच्यात घुसतो, थंड होतो आणि साचा उघडला की खाली माल पडतो. कुठे बाटलीचं झाकण, कुठे कंगवा, कुठे चार्जरचं कव्हर. याला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात आणि वसई-विरारच्या कितीतरी घरांची चूल या मशीनवर पेटते.

असंच एक मशीन १९४७ साली लंडनमध्ये एका माणसाने घेतलं. त्यावर तो कंगवे काढायचा. पुढे त्याच्याच कंपनीने याच पद्धतीने लढाऊ विमानं काढली, रणगाडे काढले, युद्धनौका काढल्या. अर्थात तळहातावर मावतील एवढ्या. सुटे भाग पाकिटात घालून विकायचे, घरी नेऊन पोरांनी ते चिकटवायचे. ब्रिटनमध्ये दोन-तीन पिढ्या ही विमानं चिकटवत मोठ्या झाल्या. आणि आज त्याच जुन्या पाकिटांच्या मागे जगभरातले संग्राहक लागलेले असतात.

त्या माणसाचं नाव निकोलस कोव्ह. त्याच्या कंपनीचं नाव एअरफिक्स.

पण गंमत अशी, की हा माणूस स्वतः या किट्सच्या बाजूने कधी नव्हताच. विमान विकलं जाईल यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मग हे सगळं घडलं कसं? आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं प्लास्टिकचं पाकीट आज एवढं मोलाचं का? नीट समजून घेऊ.

आधी बघू, हे स्केल मॉडेल किट असतं काय

आपल्याकडे छोट्या प्रतिकृती करायची हौस नवीन नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, त्यावर मावळे उभे राहतात. नाताळात वसईच्या गावागावांत गोठे सजतात. फक्त यात मोजमाप डोळ्यांनी ठरतं. किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा मावळा मोठा असला तरी कुणी हरकत घेत नाही.

स्केल मॉडेलमध्ये हे चालत नाही. खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करायचं असतं. विमानांसाठी सगळ्यात गाजलेलं प्रमाण म्हणजे १:७२. हा आकडा इंचांच्या हिशोबातून आला. सहा फूट म्हणजे ७२ इंच, त्यामुळे सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर विमान एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटरच्या थोडं वर होतं. १:७२ मध्ये ते साधारण साडेपंधरा सेंटीमीटरचं होतं. म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढंच समजा.

किटमध्ये विमान तयार मिळत नाही. एका प्लास्टिकच्या चौकटीला सगळे भाग लटकलेले असतात. या चौकटीला मॉडेलवाले स्प्रू म्हणतात, आपल्या वसईतले मोल्डिंगवाले तिला रनर म्हणतील. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेवटी पाण्यात भिजवून वर सरकवायची बारीक चित्रं लावायची, त्यांना डिकल म्हणतात. विमानावरचे आकडे, अक्षरं, देशाची खूण, सगळं त्यातून येतं.

ही कल्पना कोव्हच्या आधीची आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये लाकडी भागांची १:७२ ची किट्स मिळायची. १९३६ साली फ्रॉग नावाच्या ब्रँडने प्लास्टिकची किट्स आणली. मग युद्ध आलं आणि खेळण्याला वेगळंच काम लागलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून अशाच प्रतिकृती वापरल्या जाऊ लागल्या. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून अशी पाच लाख मॉडेल्स मागवली होती. थोडक्यात, युद्ध आणि खेळणं यांचं नातं तेव्हापासूनच घट्ट होतं.

आणि याच युद्धाच्या तोंडावर आपला हिरो लंडनमध्ये येऊन पोहोचला.

देश बदलत राहिलेला माणूस

कोव्ह मूळचा हंगेरीचा, ज्यू. मूळ नाव मिक्लोश. ते इंग्लंडमध्ये गेल्यावर निकोलस झालं. त्याची तरुणपणीची वर्षं गेली पहिल्या महायुद्धात. तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजूने लढला, रशियाच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून त्याची रवानगी थेट सायबेरियात झाली. तिथून तो निसटला आणि परत घरी पोहोचला.

पण घरी तरी काय उरलं होतं? ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं होतं. हंगेरीत सत्तापालटांवर सत्तापालट चालले होते आणि ज्यूंविरुद्धचं वातावरण तापत होतं. कोव्हने देश सोडला आणि पुढे स्पेनमध्ये धंद्यात शिरला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. मग तो इटलीत गेला. तिथे १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंच्या विरोधात कायदे केले. तिथूनही बाहेर पडणं भाग होतं. असा फिरत फिरत तो ब्रिटनला येऊन पोहोचला.

म्हणजे बघा, नवी भाषा, नवं शहर, नव्या ओळखी, आणि हे सगळं पहिल्यांदा नाही तर कितव्यांदा तरी. अशा माणसाकडे एकच भांडवल असतं. जे विकलं जाईल ते बनवायचं, पैसा अडकू द्यायचा नाही आणि न चालणाऱ्या मालाच्या प्रेमात पडायचं नाही. कोव्हचे पुढचे सगळे निर्णय बघितले तर हाच हिशोब दिसतो.

एअरफिक्स हे नाव कसं पडलं?

आज एअरफिक्स म्हटलं की लोकांना वाटतं, विमानं जोडायची म्हणून एअर आणि फिक्स. तसं अजिबात नाहीये. १९३९ साली कोव्हने ही कंपनी काढली तेव्हा विमानांचा विषयही नव्हता. तो रबराची स्वस्त, हवा भरलेली खेळणी बनवायचा. एअर आलं ते त्या हवेवरून.

दुसरं कारण आणखी व्यवहारी होतं. त्या काळात दुकानदार माल शोधायचे ते व्यापाऱ्यांच्या छापील यादीतून, आणि ती यादी असायची अक्षरांच्या क्रमाने. इंग्रजीत ए पासून सुरू होणारं नाव घेतलं की कंपनी आपोआप वरच्या रांगेत. आज आपण ज्याला सर्चमध्ये पहिलं येणं म्हणतो ना, तेच. फक्त १९३९ सालचं.

पण मुहूर्त वाईट निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. पुढे जपानने मलाया घेतलं आणि ब्रिटनचा रबराचा मोठा पुरवठाच तुटला. जे काही रबर होतं ते आधी सैन्याला. फुग्यासारख्या खेळण्यांना रबर कोण देणार? कोव्हने हट्ट धरला नाही. रबर सोडून तो प्लास्टिककडे वळला आणि रोजच्या वापराच्या वस्तू काढायला लागला.

कंगव्यांनी तारलं

युद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये टंचाई संपली नव्हती. रेशनिंग चालू होतं. अशात १९४७ साली कोव्हने इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतलं. त्या काळात ब्रिटनमध्ये हे तंत्र नवीन होतं आणि ते आधी उचलणाऱ्यांमध्ये एअरफिक्स होती.

त्यावर काय काढायचं? तर खिशात ठेवायचे कंगवे. वस्तू साधी, प्रत्येकाला लागणारी आणि तुटली की परत घ्यावी लागणारी. एअरफिक्स कंगवे बनवणारी ब्रिटनमधली एक मोठी कंपनी झाली.

वसईतल्या कुठल्याही मोल्डिंगवाल्याला विचारा, या धंद्याचं गणित तो बोटांवर सांगेल. मशीन आणि दाणा कुणीही आणू शकतो. खरा पैसा आणि खरा धोका असतो साच्यात. लोखंडाचा एक साचा कोरून घ्यायला मोठा खर्च येतो आणि तो माल विकायच्या आधी येतो. माल चालला तर त्याच साच्यातून लाखो नग निघतात आणि प्रत्येक नगामागचा खर्च नगण्य होतो. नाही चालला तर ते लोखंड गाळ्याच्या कोपऱ्यात पडून राहतं. कंगव्याच्या साच्यात धोका कमी, कारण केस सगळ्यांनाच विंचरायचे असतात. खेळण्यातल्या विमानाच्या साच्यात मात्र जुगार होता.

कोव्ह पुढे किट्सना का घाबरला, ते इथे समजतं.

मग आला एक ट्रॅक्टर

१९४९ साली एक वेगळंच काम आलं. हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीला आपल्या टीई-२० ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती. त्यांचे विक्री प्रतिनिधी शेतकऱ्यांकडे जाताना ती सोबत नेणार होते. हे फर्ग्युसन म्हणजे तेच, ज्यांचं आडनाव आपल्याकडच्या लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर अजून असतं.

एअरफिक्सने ट्रॅक्टर बनवला, पण एक अडचण होती. भाग साच्यातून पटापट निघत असले तरी तो जोडायचा माणसांनी, एकेक करून. वेळ जायचा, मजुरी लागायची. यावर तोड निघाली ती अशी की, जोडायचं कशाला? सुटे भागच विका. ज्याला हवा तो घरी जोडेल. वूलवर्थ नावाच्या मोठ्या दुकानांच्या साखळीत हा ट्रॅक्टर किट म्हणून विकायला ठेवला गेला.

एअरफिक्सच्या किट्सचा जन्म असा झाला. मजुरी वाचवायला काढलेली ती युक्ती होती. आणि तो पहिला माल लष्करी वगैरे नव्हता, शेतकऱ्याचा होता.

संग्राहकांसाठी इथे एक बारीक गोष्ट आहे. हा ट्रॅक्टर ज्या प्लास्टिकचा होता त्याला सेल्युलोज अॅसिटेट म्हणतात. ते वर्षानुवर्षांत वाकतं, आकसतं. त्यामुळे त्या काळातला सरळ, शाबूत ट्रॅक्टर मिळणं खूप अवघड आहे.

दोन शिलिंगचं पाकीट

वूलवर्थ म्हणजे आपल्याकडच्या हर माल दुकानाचं मोठं, चकचकीत रूप समजा. माल स्वस्त आणि खप प्रचंड. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे खरेदी अधिकारी जिम रसन यांनी एअरफिक्सला सुचवलं की, फ्रान्सिस ड्रेकच्या गोल्डन हाइंड या जहाजाचं किट काढा. सोळाव्या शतकात या जहाजाने पृथ्वीला फेरी मारली होती. तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा झेंडा होता, यावरून काळाचा अंदाज येईल.

वूलवर्थची अट एकच होती, किंमत दोन शिलिंग. म्हणजे पाउंडाचा दहावा भाग. पुठ्ठ्याचं खोकं घेतलं तर हे गणित बसत नव्हतं. मग खोकं काढून टाकलं. भाग साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि वर एक घडी घातलेला कागद स्टेपल केला. त्याच कागदावर बाहेरून चित्र आणि आतून जोडणीच्या सूचना. प्लास्टिकही बदललं, वाकणाऱ्या अॅसिटेटच्या जागी टिकाऊ पॉलिस्टायरीन आलं.

जहाज तुफान विकलं गेलं. दोन शिलिंग ही रक्कम अशी होती की शाळकरी पोरगा खाऊचे पैसे साठवून ते घेऊ शकत होता. तोपर्यंत मॉडेल बनवणं ही मोठ्यांची, हातात पैसा असणाऱ्यांची हौस होती. पिशवीने ती पोरांच्या हातात दिली.

विमान नको म्हणणारा मालक

आता कंपनीतल्या माणसांना पुढचं पाऊल दिसत होतं. युद्ध संपून दहा वर्षंही झाली नव्हती. ज्या पोरांना किट विकायची होती त्यांचे वडील, काका त्याच युद्धातून परत आले होते. ब्रिटन वाचवणारं विमान म्हणून स्पिटफायरचं नाव प्रत्येक घरात होतं. मग स्पिटफायरच का काढू नये?

कोव्हने नकार दिला. हे विकलं जाईल असं त्याला वाटेना. एवढंच नाही, तर साच्याचा खर्च बनवणाऱ्यांच्याच माथी मारायची धमकीही त्याने दिली.

त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर हे अगदीच वेडेपणाचं वाटत नाही. ज्याने हातचा धंदा सोडून देश बदलले, त्याला खात्रीचा कंगवा सोडून हौसेच्या विमानावर पैसा लावणं पटत नसेल. आणि एक गोष्ट राहतेच. युद्धाने ज्याची तरुणपणीची वर्षं सायबेरियात घालवली, त्याच्यासाठी लढाऊ विमान ही खेळायची वस्तू असेल का? हे त्याने काय मनात धरलं होतं ते आपण सांगू शकत नाही. पण प्रश्न पडतो खरा.

शेवटी साचा झाला. १९५५ साली १:७२ मधलं स्पिटफायर बाजारात आलं, तेच पिशवीतलं, तेच दोन शिलिंगचं. खरं तर ते अस्सलही नव्हतं. अमेरिकेच्या ऑरोरा कंपनीचं मोठं स्पिटफायर बघून ते लहान करून बनवलं होतं. कॉपी इतकी सरळ होती की ऑरोराच्या विमानावरची बी, टी, के ही अक्षरंही तशीच उचलली गेली.

आणि मालकाचा अंदाज साफ चुकला. स्पिटफायर चाललं, त्यामागून एकेक विमानांची रांग लागली.

या काळात कंपनीचा रोजचा गाडा दोन माणसं ओढत होती. एक जॉन ग्रे आणि दुसरे राल्फ एअरमन. एअरमन हेही जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले ज्यू निर्वासित, जे मोठे झाल्यावर ब्रिटिश वायुदलातून युद्धात लढले. म्हणजे ब्रिटिश पोरांच्या लाडक्या ब्रिटिश विमानांमागे युरोपातून जीव वाचवून आलेली माणसं होती. १९५७ साली कंपनीचे शेअर्स लंडनच्या बाजारात आले. १९५८ साली निकोलस कोव्ह वारला.

एअरफिक्सचे खरे सोन्याचे दिवस त्यानंतर आले. ते त्याला बघायला मिळाले नाहीत.

त्याच्यानंतर काय झालं?

१९५९ पासून छोटे प्लास्टिकचे सैनिक आले, १९६० च्या दशकात रणगाडे आले. १९६४ पासून दहा वर्षं रॉय क्रॉस नावाच्या चित्रकाराने खोक्यांवर चित्रं काढली. पेटलेली इंजिनं, ढगातून सूर मारणारी विमानं, खवळलेला समुद्र. आत करड्या रंगाचं प्लास्टिक असलं तरी पोरगं ते चित्र बघून किट उचलायचं. भारतीय वायुदलाने वापरलेली स्पिटफायर, हंटर, कॅनबेरा ही विमानंही एअरफिक्सच्या यादीत होती.

मग उतरती कळा लागली. १९८१ साली कंपनी बुडाली. ती आधी अमेरिकेच्या जनरल मिल्सकडे गेली, १९८६ मध्ये रंग बनवणाऱ्या हंब्रोलच्या मालकांकडे आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे. प्रत्येक वेळी मालक बदलले, पण विकत घेणाऱ्याला खरं हवं होतं ते दोनच गोष्टींसाठी. एक नाव आणि दुसरे जुने साचे.

जुनं किट दुर्मीळ कशामुळे होतं?

सगळा खेळ इथे आहे. चित्र एकदाच काढलं जातं, नाणं एका वर्षी पाडलं जातं. पण किटचं तसं नाही. साचा शाबूत असेल तर तेच विमान पन्नास वर्षांनीही काढता येतं. एअरफिक्स आज स्वतःच जुन्या साच्यांमधून व्हिंटेज क्लासिक्स नावाने किट्स काढते. मग जुन्या पाकिटाला किंमत का?

पहिलं कारण कागद. प्लास्टिक परत निघेल, पण १९५५ सालचा स्टेपल केलेला कागद परत निघणार नाही. दोन शिलिंगच्या पिशवीचा कागद पोरगं पहिल्यांदा फाडायचं आणि फेकायचं. म्हणून तो आज सगळ्यात दुर्मीळ आहे. संग्राहक या कागदांचे आणि खोक्यांचे प्रकार, छपाईची वर्षं, कडेच्या पट्टीचा रंग यावरून पाकिटाचं वय ओळखतात. पुढच्या काळात मुलांच्या खेळण्यावर हिंसा नको म्हणून काही चित्रांतले स्फोट आणि बॉम्ब रंगवून पुसले गेले. त्यामुळे तेच चित्र स्फोटासकट असेल तर पाकीट जुनं.

दुसरं कारण साच्याचं नशीब. कधी साचा झिजतो, कधी त्यात बदल करून नवीन प्रकार काढतात आणि जुना कायमचा जातो. एअरफिक्सने १९६० साली स्पिटफायरसाठी नवा साचा आणला. बीटीके अक्षरांचं ते पहिलं स्पिटफायर मागे पडलं. कागदही गेला, साचाही मागे पडला, म्हणून ते मिळालं तर संग्राहकाच्या हाताला घाम फुटतो.

साच्यांचा सगळ्यात भारी किस्सा फ्रॉगचा आहे. १९७० च्या दशकात फ्रॉगचे साचे सोव्हिएत युनियनला विकले गेले आणि तिथून नोव्हो या नावाने किट्स निघू लागली. पण जर्मनी आणि जपानच्या बाजूची विमानं सोव्हिएतना नको होती. मग ते साचे रेव्हेल कंपनीकडे गेले. लोखंडाच्या साच्यांचीसुद्धा युद्धातल्या बाजूंप्रमाणे फाळणी झाली.

फोडायचं की ठेवायचं?

हा या छंदातला कायमचा वाद. किट बनवलंच जातं जोडण्यासाठी. पण जोडलं की त्याची संग्राहक म्हणून किंमत संपते. पाकीट बंद, कागद शाबूत, डिकल जागेवर, तेव्हाच भाव. म्हणजे ज्या वस्तूचा अर्थ हातात घेऊन चिकटवण्यात आहे, ती न चिकटवता जपायची.

एक बाजू म्हणते, उरलेल्या थोड्या पाकिटांपैकी एक फोडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. दुसरी म्हणते, विमान हवं असेल तर नव्याने काढलेलं किट घ्या आणि खुशाल जोडा. जुनं पाकीट कागदासाठी जपा. साचा आणि कागद यांतला फरक कळला की वाद बराचसा सुटतो.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. विकणाऱ्याकडून सगळ्या चौकटींचा आणि सूचनांच्या कागदाचा फोटो मागा, एक चाक कमी असलं तरी भाव पडतो. डिकल पिवळं पडलंय का बघा. किट जोडायचं असेल तर मॉडेलवाले असं डिकल खिडकीच्या काचेला लावून उन्हात पांढरं करतात, पण जपायच्या पाकिटावर हा प्रयोग नको. तिसरं, नव्या खोक्यात जुना माल किंवा जुन्या खोक्यात नवा माल नाही ना, हे तपासा. आणि चौथं, आपली हवा. वसई-विरारला एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी आणि चार महिने पाऊस. कागदाला बुरशी येते, स्टेपलची पिन गंजून डाग पाडते, डिकल एकमेकांना चिकटतात. हवाबंद डबा, त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि डबा जमिनीपासून वर. तळमजल्यावर राहणाऱ्यांना पाणी कुठपर्यंत येतं हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी गोष्ट परत आपल्याकडे

गेल्या काही वर्षांतलं एअरफिक्सचं खोकं हातात आलं तर त्याची बाजू वाचा. कितीतरी खोक्यांवर मेड इन इंडिया छापलेलं दिसेल. हॉर्नबीच्या काळात या किट्सचं उत्पादन भारतात आलं. हंगेरीच्या माणसाने लंडनमध्ये सुरू केलेलं, अमेरिकन विमानाची कॉपी करून वाढलेलं, फ्रान्सपर्यंत फिरून आलेलं हे काम आता आपल्या देशातल्या मोल्डिंग मशीनवर झालंय.

कोव्हला वाटलं होतं की कंगवा टिकेल आणि विमान बुडेल. आज त्याचा एकही कंगवा कुणी शोधत नाही. शोधतात ते पिशवीवरचा कागद, जो त्याच्या कंपनीने फक्त पैसे वाचवायला लावला होता.

वालीवच्या गाळ्यात आज संध्याकाळच्या पाळीला जो माल साच्यातून पडतोय, त्यातलं पन्नास वर्षांनी कोण काय जपेल, सांगता येत नाही. साचा सांभाळा. आणि जमलं तर एखादं पाकीटही, न फाडता.